हगाम्यातले दहा हेवीवेट

संध्याकाळचे पाच बेचाळीस. बोरखेड्याच्या यात्रेतला कुस्त्यांचा हगामा शेवटच्या कुस्तीवर आला होता आणि सहादेव उगले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माईक धरून बोलत होता. दुपारपासून तो बोलतच होता. घसा कोरडा पडला की माईक बाजूला करून खडीसाखरेचा खडा तोंडात टाकायचा, आणि तेवढ्यात खाली उभा असलेला गोरक्षनाथ हलगीवर हात चालवायचा. शेवगाव आणि नेवासा तालुक्यांतल्या बऱ्याच यात्रांना ही जोडी असते. गोरक्षनाथची हलगी पैलवानांना चेव आणते आणि सहादेवचा आवाज लोकांना बसवून ठेवतो. कोण कुठल्या तालमीचा, कुणाचा पठ्ठ्या, गेल्या साली कुणाला चीत केलं, हे निवेदक सांगतो ते माहितीसाठी असं लोकांना वाटतं. खरं तर ते लोकांनी जागा सोडू नये म्हणून असतं. आखाड्याभोवतीचं कडं मोडलं की हगामा मोडतो.

शेवटची कुस्ती बोरखेड्याच्या करणची होती. समोर संगमनेरकडच्या तालमीतला राधाकृष्ण. दोघेही शंभर किलोच्या पुढचे. रेटारेटीत दोघे आखाड्याच्या कडेला आले आणि पंचाने शिट्टी तोंडाला लावली. शिट्टी आधी वाजली की राधाकृष्णने ढाकेचा डाव आधी मारला, यावर दोन्हीकडच्या लोकांचं आजही एकमत नाही. सहादेवने पाहिलं ते एवढंच की करण हवेत गेला आणि खाली आला तो पाठीवर नाही, डोक्यावर. मान एका अंगाला मुडपली आणि बाकीचं शरीर मागून आदळलं.

करण उठला नाही.

पहिल्यांदा त्याच्यापर्यंत पोचली ती अश्विनी. ती उपकेंद्रातली आरोग्यसेविका. यात्रेत औषधांचं टेबल मांडून बसायची ड्यूटी तिच्याकडे होती. ती मातीत गुडघे टेकून बसली, दोन्ही तळव्यांनी त्याचं डोकं जागच्या जागी धरलं आणि काहीतरी विचारलं. करणचे ओठ हलले. उत्तर ट्रॉलीपर्यंत ऐकू आलं नाही, पण तिचा चेहरा दिसला. तिने एका पंचाला आपल्यासारखं डोकं धरायला लावलं, फोन केला आणि ट्रॉलीच्या फाळक्याला येऊन टेकली.

"भाऊ, तो म्हणतो, ताई, माझे हात कुठं हायेत."

सहादेवने माईक छातीशी दाबून धरला.

"मानेचं हाड गेलंय असं वाटतंय," ती म्हणाली. "आत्ता हलवला, उचलला, तर जन्माचा लुळा पडंल, न्हाईतर श्वासच बंद हुईल. गाडी शेवगावहून निघालीय. या गर्दीतून यायला अर्धा तास तरी लागंल. तवर एक मानूस आत येता कामा नये."

"पोलीस?"

"दोघं हायेत. पाळण्यापाशी."

ती परत करणकडे गेली. सहादेवने वर पाहिलं. चार-पाच हजार माणूस एव्हाना उभं राहिलेलं होतं.

"शिट्टी झाल्यावर टाकलाय त्याला!" डावीकडून आवाज आला. तो कानिफचा. बोरखेड्याच्या पोरांचा हा म्होरक्या, करणचा आतेभाऊ.

"कसली शिट्टी? कान तपासा," उजवीकडून उत्तर आलं. तिकडे संगमनेरची मंडळी दोन टेम्पो भरून आलेली होती आणि पुढे सोन्याबापू उभा होता, टेम्पोचा मालक.

"बसून घ्या," सहादेव माईकवर म्हणाला. "मंडळी, बसून घ्या. डॉक्टर येतायत."

कुणी बसलं नाही. मागचे पुढे रेटू लागले आणि कडेच्या बांबूंना बांधलेला दोर ताणला गेला.

एरवी अशा वेळी तो जुन्या कुस्त्या सांगतो. आज ते जमणार नव्हतं. कुठल्याही पैलवानाचं नाव घेतलं तरी तो कुठल्या तरी गावाचा, कुठल्या तरी तालमीचा निघणार, आणि त्या नावाबरोबर एक बाजू उठणार. त्याला असे पैलवान हवे होते, ज्यांचं या पंचक्रोशीत कुणी सोयरंधायरं नाही.

तसे दहा त्याला ठाऊक होते. तरुणपणी सहादेव नगरला भिंगारच्या कॅम्पात लष्करी मेसमध्ये वाढपी होता. पलटणीतल्या जवानांना बॉक्सिंगचं वेड. जेवणाच्या टेबलावर रोज एकच वाद: जगातला सगळ्यात मोठा हेवीवेट कोण? हरियाणाचा एक सुभेदार मोहम्मद अलीच्या खाली कुणाचं नाव ऐकून घ्यायचा नाही. मणिपूरचा एक हवालदार मार्सियानोसाठी ताट बाजूला सारायचा. सहादेव वरण वाढता वाढता ऐकायचा. जुन्या लढतींच्या कॅसेट लागल्या की दाराशी उभा राहून बघायचा, आणि दोन-तीन वर्षांत त्याचीही क्रमवारी ठरली. तिच्यात पहिला जो लुई होता. कारण साधं होतं: जवळपास बारा वर्षं किताब राखला आणि जो समोर आला त्याच्याशी लढला. मेस सुटली, गावाकडे दूध संकलन केंद्रावर नोकरी लागली, लग्न झालं, दोन मुली झाल्या. क्रमवारी मात्र जागची हलली नाही. बायको पुष्पावती म्हणते, "ह्यांना सासऱ्याचं नाव इचारलं तर घटकाभर थांबत्यात, त्या काळ्या पैलवानांची घडाघडा सांगत्यात."

सहादेवने पाय ट्रॉलीवर आपटला. गोरक्षनाथने वर पाहिलं.

"दमानं वाजव," सहादेव म्हणाला. "लई दमानं. चेव येईल असं नको."

हलगी मंद लागली. सहादेवने माईक ओठांना टेकवला.

"मंडळी, या आखाड्यात आज शंभर किलोची कुस्ती झाली. आता जगातले शंभर किलो ऐका. आजवरचे दहा हेवीवेट बॉक्सर. दहापासून सुरू करतो, एकावर थांबतो. पटलं नाही तर सांगायचं, पण खाली बसून सांगायचं. उभ्या माणसाचं मत मी धरणार नाही."

कुणीतरी हसलं. मागून एकजण ओरडला, "टायसन एक नंबर!"

"बसून बोल," सहादेव म्हणाला. तो पोरगा बसला, तसे आजूबाजूचे चारजण बसले.

त्या ओरडण्याने सहादेवच्या ध्यानात एक गोष्ट आली. त्याच्या क्रमवारीत टायसन आठवा होता. विसाव्या वर्षी जगज्जेता झाला खरा, पण पडल्यावर पुन्हा तसा उभा राहिला नाही, म्हणून आठवा. आत्ता आठव्याला टायसनचं नाव घेतलं असतं तर मोबाईलवर त्याचे ठोसे बघत वाढलेली सगळी पोरं तिथेच उठली असती. टायसनला शेवटासाठी राखून ठेवणं भाग होतं.

"दहावा, जॅक जॉन्सन. काळ्या माणसानं गोऱ्याशी किताबासाठी लढायचंच नाही, असा तो काळ. हा गडी चॅम्पियनच्या मागं मागं अर्धी दुनिया फिरला. शेवटी ऑस्ट्रेलियात गाठला आणि तिथं किताब घेतला. एकोणीसशे आठ साली."

उजवीकडची मंडळी ऐकत होती. डावीकडे कानिफ अजून उभा होता, पण त्याचं तोंड बंद होतं.

नववा त्याने मार्सियानो सांगितला. एकोणपन्नास लढती, एकोणपन्नास विजय.

"एकबी हरला न्हाई तर नववा कसा?" संगमनेरवाल्यांतून एका म्हाताऱ्याने विचारलं.

"बाबा, तो आला तेव्हा समोरचे म्हातारे झाले होते. आपल्या वाट्याला कोण येतं हे आपल्या हातात नसतं. पण क्रमवारी लावणाऱ्याला ते बघावं लागतं."

"ह्ये पटलं न्हाई."

"पटायला पाहिजे असं कुठं हाय? बसलाय ना तुमी? बास."

या वेळी हसू मोठं आलं. अश्विनीने मान वर करून पाहिलं. गर्दीच्या मागे रस्त्यावर रेवड्यांची आणि खेळण्यांची दुकानं रस्ता अडवून मांडलेली होती, आणि त्यांच्या पलीकडे फाट्यापर्यंत गाड्याच गाड्या दिसत होत्या. रुग्णवाहिकेचा पत्ता नव्हता.

आठव्याला लॅरी होम्स. अलीच्या हाताखाली सराव करणारा, आणि पुढे त्याच अलीला हरवणारा. वस्तादाला पठ्ठ्याने हरवल्याची गोष्ट कुठल्याही आखाड्यात कळते. ती लढत संपल्यावर होम्स रडला, हे सहादेवने सांगितलं तेव्हा पुढच्या रांगेतली काही म्हातारी माणसं नुसती मान हलवत राहिली. गर्दी जरा निवळली असं त्याला वाटलं. आणि तिथेच त्याची चूक झाली.

"सातवा, जॅक डेम्प्सी," तो म्हणाला. ठरलेली क्रमवारी जिभेवर होती. पुढचा विचार झाला नाही. "एकोणीसशे सत्तावीस. शिकागो. समोर टनी. सातव्या फेरीत डेम्प्सीनं त्याला असा हाणला की तो खाली बसला. नियम असा की पाडणाऱ्यानं लांबच्या कोपऱ्यात जायचं, मगच पंच दहा मोजणार. डेम्प्सी गेला नाही. पंच थांबला. मोजायला उशीर झाला. टनीला तेवढा दम मिळाला, तो उठला आणि..."

तो थांबला. उशीर झाला होता.

"म्हंजी पंचानंच घात केला," डावीकडून कुणीतरी म्हणालं.

"व्हय. तवाबी पंचानंच केला," कानिफ म्हणाला, आणि पुढे झाला. "आन् आजबी पंचानंच केलाय. शिट्टी आधी वाजली का न्हाई, इचारा त्याला. माईकवर इचारा."

"इचारा की," सोन्याबापू पलीकडून म्हणाला. "शिट्टी वाजली नव्हती. आमचा गडी जितलाय. फेटा बांधा आन् सोडा आमाला."

"फेटा? माझा भाऊ तिथं पडलाय आन् तुला फेटा?"

कानिफने दोर वर उचलला. त्याच्यामागची आठ-दहा पोरं वाकून आत आली. पलीकडून सोन्याबापूच्या मंडळींनीही दोर ओलांडला. आणि त्याच वेळी सहादेवला दिसलं की खरं संकट या दोघांत नव्हतंच.

भागवत वस्ताद करणच्या उशाशी येऊन बसले होते. करणला त्यांनी लहानपणापासून घडवलेलं. सत्तरीचे, जाड पंजाचे. निखळलेला खांदा आणि चमकलेली मान बसवण्यात त्यांचं नाव आहे. शेवगावच्या बाजारादिवशी लोक त्यांच्या ओट्यावर रांग लावतात. डोकं धरून बसलेल्या पंचाला त्यांनी खुणेने बाजूला केलं होतं. पंच त्यांचाच शिष्य. तो निमूट सरकला. वस्तादांनी एक हात करणच्या हनुवटीखाली घातला, दुसरा डोक्यामागे.

"वस्ताद, नका," अश्विनी म्हणत होती. तिने त्यांचं मनगट धरलं होतं, पण तिचा हात त्यांच्या मनगटाभोवती पुरत नव्हता. "वस्ताद, शीर न्हाई, हाड हाय ते."

"पोरी, तुझ्या जन्माआधीपासून माना बसवतोय मी. एक झटका. सर."

ट्रॉलीवरून उडी मारून तिथे पोचायला वेळ नव्हता, आणि पोचूनही उपयोग नव्हता. वस्तादांना आजवर कुणी हात धरून थांबवलेलं नाही. सहादेवकडे माईक होता, आणि ट्रॉलीच्या कोपऱ्यात, विजेत्यांसाठी आणलेले, उरलेले फेटे होते.

"यात्रा कमिटीच्या वतीनं," तो म्हणाला, आणि आवाज दुपारी पहिल्या कुस्तीला होता तसा मोकळा काढला, "बोरखेड्याच्या तालमीचे आधारस्तंभ, तीन पिढ्यांचे गुरू, भागवत वस्ताद यांचा मानाचा फेटा बांधून सत्कार होत आहे. वस्तादांना विनंती, त्यांनी ट्रॉलीवर यावं. वस्ताद, समदं मैदान तुमची वाट बघतंय."

कमिटीचे अध्यक्ष आबासाहेब शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांनी दचकून पाहिलं. "आत्ता?"

"आत्ताच, आबासाहेब. उठा."

या मुलखात माईकवरून सत्काराला नाव पुकारलं की माणूस उठतो. नाही उठला तर मान नाकारला असा अर्थ होतो, आणि नाकारलेला मान मरेपर्यंत सांगितला जातो. वस्तादांचे हात करणच्या डोक्याला होते. ते तसेच राहिले. गोरक्षनाथला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याने सत्काराचा ठेका धरला. पुढच्या रांगांमधून सवयीने टाळ्या सुरू झाल्या.

वस्तादांनी ट्रॉलीकडे पाहिलं. मग हात काढून घेतले, मांड्यांवर पुसले आणि उठले. ते हलताच अश्विनीने त्यांची जागा घेतली आणि करणचं डोकं पुन्हा दोन्ही हातांत धरलं.

सहादेव थांबला नाही. "सत्काराचे दुसरे मानकरी, खास संगमनेरहून दोन टेम्पो घेऊन आलेले, सोन्याबापू. तिसरे मानकरी, गावचा तरणा कार्यकर्ता, कानिफ. दोघांनी वर यावं. वस्तादांच्या डाव्या-उजव्या हाताला उभं राहावं."

कानिफ आखाड्याच्या मधोमध थांबला. त्याच्या हातात कडेचा एक बांबू होता.

"कानिफ," सहादेव माईकवरच म्हणाला, पण आवाज खाली आणून, "वस्ताद उभे हायेत. त्यांना ताटकळत ठेवतोस व्हय?"

कानिफने बांबू टाकला. मागची पोरं काय करावं ते न कळून जागेवरच उभी राहिली.

फेटा बांधायला वेळ लागतो. आबासाहेबांना तो नीट बांधता येत नाही, त्यामुळे आणखी लागला. वस्तादांच्या डोक्याला तिसरा वेढा बसत असताना सहादेव त्यांच्या कानाशी वाकला. "वस्ताद, पोराला गाडीतनं न्यायचंय. रस्ता तुमी मोकळा केला तरच हुईल. दुसऱ्या कुनाचं ऐकनार न्हाईत."

वस्ताद त्याच्याकडे बघत राहिले. "तू मला मुद्दाम उठीवला."

"व्हय."

 वस्तादांनी माईक मागून घेतला आणि चारच वाक्यं बोलले. बोरखेड्याच्या पोरांनी डाव्या अंगाला, संगमनेरच्या मंडळींनी उजव्या अंगाला, फाट्यापासून आखाड्यापर्यंत हाताला हात धरून उभं राहायचं. दुकानं आणि वाहनं मागे सारायची. मधून कुणी गेलं तर ते वस्तादांच्या अंगावरून गेलं, असं समजलं जाईल. नवा फेटा डोक्यावर असलेले कानिफ आणि सोन्याबापू दोन रांगांच्या टोकाला समोरासमोर उभे राहिले. एकमेकांशी बोलले नाहीत. पण फेटा बांधलेल्या माणसाचे फोटो निघत असतात. दोघेही ताठ होते.

रुग्णवाहिका अजून आली नव्हती आणि हात धरलेली माणसं फार वेळ गप्प राहत नाहीत. सहादेवने माईक परत घेतला. सहाव्याला फ्रेझर: अलीला पहिल्यांदा हरवलेलं त्याने सांगितलं, बाकी गाळलं. पाचव्याला फोरमन: किताब गमावला, खेळ सोडला, चर्चमध्ये प्रवचनं केली, परत आला आणि पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा जगज्जेता झाला. हे सांगताना तो रेंगाळला. प्रवचनाचा भाग त्याने फार लांबवला. चौथा तो विसरला आणि तिसऱ्यावर, अलीवर, गेला, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

"टायसन कुठाय? अजून न्हाई आला?" रांगेतून एकजण म्हणाला.

"येईल. पळतोस कुठं? हात सोडू नको."

फाट्याकडून सायरन ऐकू आला, आणि माणसांच्या माना तिकडे वळल्या. रांग हलायला लागली. बघायला म्हणून दोघा-तिघांनी हात सोडलेही. त्यांना जागेवर ठेवायला सहादेवकडे आता एकच नाव शिल्लक होतं.

"दुसरा नंबर," तो म्हणाला. "माईक टायसन."

आरोळी उठली. त्या आरोळीत निम्मी हरकत होती आणि निम्मा आनंद, पण सगळी तोंडं ट्रॉलीकडे वळली. सहादेव टायसनवर बोलत राहिला. समोरच्यांहून बुटक्या असलेल्या त्याच्या बांध्याबद्दल बोलला, मानेच्या घेराबद्दल बोलणार होता तो शब्द गिळला, त्याने पाळलेल्या कबुतरांबद्दल बोलला, पहिल्या मिनिटातच संपलेल्या लढती एकेक करून सांगितल्या. त्याच्या पाठीमागून पांढरी गाडी रांगांच्या मधून उलटी येत आखाड्याला लागली. पाठीखाली फळी सरकवताना अश्विनी आकडे मोजत होती, आणि तिसऱ्या आकड्याला चौघांनी करणला एकदम उचलला. कानिफने दार लावलं.

"आणि पहिला..." सहादेव म्हणाला. गाडीचा सायरन सुरू झाला. त्याने जो लुईचं नाव घेतलं, पण ते गोरक्षनाथखेरीज कुणी ऐकलं नाही.

ही गोष्ट गेल्या रविवारची. कुस्ती बरोबरीत सोडवली, असं पंचांनी दुसऱ्या दिवशी जाहीर केलं. ते दोन्हीकडच्यांना मान्य नाही. करणच्या मानेचे दोन मणके चिरले आहेत. मज्जारज्जू तुटलेला नाही. नगरच्या खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, आणि बुधवारी उजव्या हाताची बोटं हलली असं अश्विनीने सहादेवला फोनवर सांगितलं. डावा हात अजून हललेला नाही. कुस्ती संपली, हे डॉक्टरांनी त्याच्या आईला, राहीबाईंना सांगितलं आहे. करणला अजून कुणी सांगितलेलं नाही. ते काम वस्तादांनी आपल्याकडे मागून घेतलं आहे, पण दोनदा रुग्णालयाच्या दारापर्यंत जाऊन ते परत आले.

ट्रॉलीवरचं बोलणं कुणीतरी मोबाईलवर धरलं होतं. ते फिरत फिरत भिंगारला पोचलं. कॅम्पातून निवृत्त होऊन तिथेच राहिलेल्या एका हवालदाराने सहादेवला फोन केला. "टायसन दोन नंबर? मेसचं मीठ विसरलास?" सहादेवने कारण सांगितलं नाही. "चुकलं," एवढं म्हणाला.

वस्तादांनी काल निरोप पाठवला: एकट्याने जमत नाही, तू बरोबर चल. उद्या शनिवार. दूध संकलन केंद्र सकाळी सहाला उघडतं. आठला दूध टँकरमध्ये गेलं की सहादेव शेवगावला जाऊन वस्तादांबरोबर नगरची एसटी धरणार आहे. रुग्णालयात भेटायची वेळ अकरा ते बारा आहे, आणि एका वेळी दोनच माणसांना आत सोडतात.